आरएक्स-८: आधी ऑइल, मग आवाज

रोटरी इंजिनाची गाडी ऑइल पिते. कुठे गळत नाही, कुठे काही फुटलेलं नसतं. बनवणाऱ्यांनीच ती तशी बनवलेली असते. माझदा आरएक्स-८ घ्यायची ठरवली तेव्हा हे मला ऐकून माहीत होतं, तरी डिपस्टिक बाहेर काढल्यावर ऑइल खालच्या खुणेला टेकलेलं दिसलं तेव्हा पोटात गोळा आलाच. आता येत नाही. दर दुसऱ्या टाकीला बॉनेट उघडायचं, काठी पुसायची, परत घालायची, बघायची. हजार-बाराशे मैलांत एक क्वार्ट, म्हणजे लिटरला थोडं कमी ऑइल माझी गाडी संपवते आणि त्यात तिची तब्येत उत्तम असते.

मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. इथले आपले बहुतेक लोक होंडा, टोयोटा किंवा हल्ली टेस्ला घेतात आणि सुखी असतात. मला नऊ हजार आरपीएमपर्यंत फिरणारं इंजिन हवं होतं, तेही पाच हजार डॉलरच्या आत. तेवढ्या पैशांत २००७ची सहा गिअरची मॅन्युअल आरएक्स-८ मिळाली. बाबांना चिंचवडला फोन करून सांगितलं, तर त्यांचा पहिला प्रश्न: "माझदा म्हणजे ती स्वराज माझदाची बस ना?" नातं आहे खरं, पण फार लांबचं.

या गाडीत कोणतं ऑइल घालायचं यावरून रोटरीवाल्यांत जो सगळा वाद चालतो तो समजायचा तर या इंजिनात काय चालतं ते आधी सांगायला हवं. यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, कॅमशाफ्ट नाही. फुगीर बाजूंचे दोन त्रिकोणी रोटर लंबगोल घरात फिरतात. प्रत्येकाची क्षमता ६५४ सीसी, दोन्ही मिळून १.३ लिटर. एवढ्याशा इंजिनातून, टर्बो न लावता, माझ्या मॉडेलला कागदोपत्री २३२ हॉर्सपॉवर. रोटर एकदा फिरेपर्यंत शाफ्ट तीनदा फिरतो, त्यामुळे काटा नऊ हजारांवर असताना रोटर तीन हजारांनीच फिरत असतो. रोटरच्या तीन टोकांना तीन पट्ट्या असतात, एपेक्स सील म्हणतात त्यांना. त्या भिंतीला घासत फिरतात आणि कॉम्प्रेशन धरून ठेवतात. माझदाचं १९६०च्या दशकातलं मोठं दुखणं हेच होतं: सील थरथरायचे आणि भिंतीवर ओरखडे उठायचे. जपानी इंजिनिअर त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. केनिची यामामोतो यांच्या चमूने कार्बन मिसळलेले सील करून त्यावर उपाय काढला, आणि १९६७मध्ये कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली.

पिस्टनच्या इंजिनात संपमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यातलं ऑइल सिलिंडरच्या भिंतीला आपोआप लागतं. रोटरीत लागत नाही. म्हणून एक छोटा मीटरिंग पंप संपमधलं ऑइल थेंबाथेंबाने रोटरच्या घरात सोडतो, सील ओले राहतात आणि ते ऑइल पेट्रोलबरोबर जळून जातं. गोची इथेच आहे. एकाच डब्यातल्या ऑइलला दोन उलट कामं करायची असतात. बेअरिंगला हवं न जळणारं, तापल्यावरही टिकणारं ऑइल. सीलला हवं पटकन आणि मागे राख न ठेवता जळणारं. ऑइलवरून जितकी भांडणं मी ऐकली, त्यात प्रत्येक जण यातल्या एकाच कामाबद्दल बोलत असतो.

गाडी घेण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट करून घेतली. साधा गेज इथे चालत नाही, कारण एका रोटरला तीन बाजू असतात आणि साधा गेज त्यातली सगळ्यात चांगली तेवढी दाखवतो. खास मशीन लागतं. ते तिन्ही बाजूंचे आकडे वेगळे देतं आणि स्टार्टर किती वेगाने फिरवत होता हे धरून २५० आरपीएमला हिशेब लावून देतं. माझदाच्या मापात नव्या इंजिनाला ८.५, आणि ६.९च्या खाली गेलं की इंजिन संपलं असं धरायचं. माझ्या पुढच्या रोटरला ७.६, ७.४, ७.५ आले, मागच्याला ७.३, ७.१, ७.२. तरुण नाही, पण काम करणारं. हे आकडे दाखवायला जो तयार नसेल त्याच्याकडून आरएक्स-८ घेऊ नये, एवढंच माझं मत. गाडी चमकदार असो नाहीतर धुळीने माखलेली.

पहिलं मॉडिफिकेशन केलं ते आधीच्या मालकाने केलेलं मॉडिफिकेशन काढायचं. त्याने मूळ एअर बॉक्स फेकून उघडा गोल फिल्टर लावला होता. आवाज झकास यायचा. पण तो फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढायचा. या गाडीचा कंपनीचा एअर बॉक्स खरंच विचार करून बनवलेला आहे, आणि जंकयार्डात तो कवडीमोलाने मिळतो, कारण नवशिके सगळ्यात आधी तोच काढतात. आवाज गेला. सकाळी लवकर निघताना शेजाऱ्यांची झोपही मोडेनाशी झाली.

मग इग्निशन. पैसे कुठे घालायचे असं मला कोणी विचारलं तर मी इथेच बोट ठेवतो. चार कॉइल, चार प्लग. प्रत्येक रोटरला एक लीडिंग (आधी ठिणगी देणारा) आणि एक ट्रेलिंग (त्याच्या मागून देणारा). दोन्ही प्लग वेगळे असतात: आरई७सी-एल आणि आरई९बी-टी. शेवटच्या अक्षरावरून कोणता कुठे हे कळतं, अदलाबदल करायची नाही. डावं पुढचं चाक काढलं की प्लग हाताला लागतात. अंगणात जॅक आणि स्टँड लावून आरामात होतं. मूळ कॉइल तीस हजार मैलांच्या आसपास दमायला लागतात, आणि दमतात तेही गुपचूप. गाडी चालत राहते, फक्त वर जाताना जरा जड वाटते. तेवढ्यात न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, त्याची जाळी वितळते, धूर बाहेर पडायची वाट अडते आणि उष्णता इंजिनात कोंडते. आरएक्स-८च्या या इंजिनाची (रेनेसिस त्याचं नाव) एक्झॉस्टची भोकं रोटरच्या कडेच्या भिंतीत आहेत, आरएक्स-७सारखी घेरावर नाहीत. त्यामुळे ती उष्णता आणि काजळी थेट रोटरच्या बाजूंच्या पट्ट्यांवर, साइड सीलवर येते. शंभर-दोनशे डॉलरच्या कॉइलकडे दुर्लक्ष केल्याने चार हजारांचं इंजिन जातं ते या साखळीने.

मी मूळ बनावटीच्या नव्या कॉइल, वायर आणि प्लग घातले. जनरल मोटर्सच्या एलएस इंजिनाच्या दणकट कॉइल बसवायचे तयार किटही मिळतात आणि अनुभवी लोक त्यांची शपथ वाहतात. तो खर्च पुढच्या वेळी. जुन्या कॉइल काढल्यावर मात्र कन्व्हर्टरचा बॅक प्रेशर, म्हणजे धुराला होणारा अडथळा, मोजून घेतला, कारण आजार झाला असेल तर तो तिथेच साठलेला असणार. आकडा ठीक आला.

आता ऑइल. अमेरिकेतल्या आरएक्स-८च्या झाकणावर ५डब्ल्यू-२० लिहिलेलं आहे (शेवटचा आकडा जितका लहान, तितकं तापल्यावर ऑइल पातळ). हेच इंजिन ब्रिटनमध्ये विकताना ५डब्ल्यू-३० सांगितलं. इंजिन तेच, बेअरिंग तीच. अमेरिकेत पातळ ऑइल मायलेजच्या सरकारी नियमांसाठी सांगितलं, असं इंजिन उघडून बांधणारे बहुतेक जण म्हणतात. माझदाने तसं कधी म्हटलेलं नाही, मला मात्र ते पटतं. त्याला एक साधं कारण आहे. रोटरीत थोडं पेट्रोल संपमध्ये उतरतंच, म्हणजे ऑइल दिवसेंदिवस आणखी पातळ होतं. मुळात पातळ घातलं तर बेअरिंगसाठी हाताशी काही उरत नाही.

दुसऱ्या टोकाला २०डब्ल्यू-५०वाले आहेत. रेसट्रॅकवर, उन्हाळ्यात त्यांचं बरोबर असेल. पण जानेवारीत एडिसनला पारा शून्याच्या बराच खाली असतो, आणि डब्ल्यूआधीचा आकडा थंडीत ऑइल किती वाहतं हेच सांगतो. तेवढ्या थंडीत २०डब्ल्यूचं ऑइल हललं तर हललं. मी बारा महिने ५डब्ल्यू-३० घालतो. ट्रॅकवर जात असतो तर उन्हाळ्यात १०डब्ल्यू-४० घातलं असतं.

सिंथेटिक की मिनरल? जुने रोटरीवाले सिंथेटिकचं नाव काढलं की हात झटकतात: नीट जळत नाही, सीलवर थर बसतो. सुरुवातीच्या काळातल्या काही सिंथेटिकबद्दलची ती कुरकुर आहे. आज इदेमित्सूसारखी जपानी कंपनी खास रोटरीसाठी सिंथेटिक विकते, तेव्हा सरसकट विष म्हणण्यात अर्थ नाही. पण माझा हिशेब वेगळा आहे. पेट्रोल मिसळत असल्यामुळे मी दर तीन हजार मैलांना ऑइल बदलतो. इतक्या लवकर फेकून द्यायच्या ऑइलसाठी महागडा डबा कशाला? साधं, नावाजलेलं मिनरल घालायचं आणि वेळेवर बदलायचं. बदलताना एक लक्षात असू द्या: खालून साडेतीन लिटरच्या आसपास निघतं, बाकीचं पुढच्या दोन ऑइल कूलरमध्ये आणि पाइपांत अडकून राहतं. म्हणजे प्रत्येक वेळी जुनं-नवं मिसळणारच. लवकर बदलायचं हे आणखी एक कारण. आणि पातळी वरच्या खुणेच्या वर नेऊ नका; जादा ऑइल श्वासाच्या नळीतून इनटेकमध्ये जाऊन बसतं.

पहिल्या हिवाळ्यात ऑइल भरायचं झाकण उघडलं तर आतून ताकावर येतो तसा पांढरट लोण्याचा थर. पिस्टनच्या गाडीत हे दिसलं की हेड गॅस्केट गेलं समजतात. या इंजिनाला हेडच नाही, तर गॅस्केट कुठून असणार! भरण्याची नळी लांब आणि थंड असते, तिच्यात वाफ जमते आणि ऑइलशी घुसळते. कूलंटची पातळी स्थिर असेल तर पुसायचं आणि गाडी नीट तापेपर्यंत लांब फिरवून आणायची. ऑइल कूलरच्या पाइपांकडे मात्र खरंच लक्ष हवं. रस्त्यावर टाकलेल्या मिठाने त्यांच्या जोडांना गंज चढतो, आणि तो जोड हायवेवर सुटला तर इंजिनाचं आयुष्य मिनिटांत मोजायचं.

राहिलं सीलचं काम, आणि त्यावर माझ्या आवडीचा उपाय आहे टूटी ऑइल. आपण ज्याला पेट्रोल पंपावर टूटी म्हणायचो तेच, टू-स्ट्रोकचं. ते जळण्यासाठीच बनवलेलं असतं. पेट्रोलच्या टाकीत थोडं टाकलं की ते पेट्रोलबरोबर सीलपर्यंत पोचतं, आणि संपमधलं ऑइल बेअरिंगसाठी बऱ्यापैकी मोकळं राहतं. मीटरिंग पंप चालूच ठेवायचा. तो बंद करून फक्त टूटीवर गाडी चालवणारे धाडसी लोक आहेत, त्यांना नमस्कार. स्वतंत्र टाकीतून पंपाला टू-स्ट्रोकचंच ऑइल पाजणारा सोन अडॅप्टर नावाचा तुकडाही मिळतो. कल्पना सुरेख आहे. पण आणखी एक टाकी, आणखी एक नळी, आणखी एक विसरण्याजोगी गोष्ट.

प्रमाण किती? मी साठ लिटरच्या टाकीला साधारण २४० मिली घालतो, म्हणजे लिटरला चार मिली. बजाज चेतकला आपण दोन टक्के, लिटरला वीस मिली घालायचो. त्याचा हा पाचवा हिस्सा. त्यामुळे धूर दिसत नाही आणि वासही नाही. बोटीच्या इंजिनाचं टीसी-डब्ल्यू३ इथे कुठेही स्वस्तात मिळतं आणि ते राख ठेवत नाही, पण ते पाण्याने थंड राहणाऱ्या, कमी तापणाऱ्या मोटरींसाठी असतं. मी मोटरसायकलचं, डब्यावर एफडी हा जपानी दर्जा छापलेलं घेतो. इंजिन दोघांनाही नाही म्हणत नाही.

न्यू जर्सीत यात एक गंमत आहे. या राज्यात १९४९च्या कायद्याने आपल्या हाताने पेट्रोल भरायला बंदी आहे. पंपावरचा माणूसच भरतो. आणि टूटी तर पेट्रोलच्या आधी टाकीत जायला हवं, म्हणजे वरून पडणाऱ्या धारेने ते मिसळतं. म्हणून मी उतरतो, टाकीचं झाकण उघडतो आणि मोजपात्रातून ऑइल ओततो. आमच्या कोपऱ्यावरच्या पंपावर एक वयस्कर सरदारजी असतात. ते हातात नोझल घेऊन थांबले, माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि म्हणाले, "बेटा, ये कार है या स्कूटर?"

"थोडी थोडी दोनों, पाजी."

त्यांच्याकडे जालंधरला चेतकच होती. तेव्हापासून ते मला आधी विचारतात, "डाल लिया?" आणि मगच नोझल लावतात. प्रीमियमच लागतं, हे त्यांना पाठ आहे. शहरात गॅलनला सोळा-सतरा मैल, म्हणजे लिटरला सात किलोमीटर, त्यामुळे आमची भेट वरचेवर होते.

बाबांना हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. "एवढी स्पोर्ट्स कार घेतलीस आणि तिच्यात टूटी? अरे, सरकारने टू-स्ट्रोक बंद करायला लावल्या इकडे." मग थोडा वेळ गप्प बसून त्यांनी कामाचा प्रश्न विचारला: "प्लग काढून बघतोस का? काळा नि चिकट असला तर ऑइल जास्त. बदामी असला तर सोड." आकुर्डीत बनलेली चेतक त्यांनी वीसेक वर्षं स्वतःच्या हाताने सांभाळली होती, हा सल्ला कुठल्याही ट्यूनरपेक्षा कमी नव्हता. पुढच्या वेळी चाक काढलं तेव्हा चारही प्लगचे फोटो त्यांना पाठवले. "ट्रेलिंग का काय म्हणतोस तो जरा काळा आहे, बाकी बरे," असा निकाल आला.

डॅशबोर्डवरच्या काट्यांवर विश्वास ठेवू नका, हे मला विकणाऱ्यानेच सांगितलं होतं आणि ते खरं निघालं. ऑइल प्रेशरचा काटा हा नुसता स्विच आहे. थोडं जरी प्रेशर असलं तरी मधोमध उभा. तापमानाचा काटाही तसाच, बराच काळ मधोमध राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. या इंजिनात रोटरची घरं ॲल्युमिनियमची आणि त्यांच्या मधल्या पाट्या बिडाच्या असतात, लांब बोल्टांनी एकत्र आवळलेल्या. जास्त तापलं की दोन्ही धातू वेगवेगळे फुगतात आणि मधल्या पाण्याच्या रिंगा जातात. म्हणून ओबीडीच्या, म्हणजे गाडीच्या संगणकाला यंत्र जोडायच्या खोबणीत वीस डॉलरचा ब्लूटूथ तुकडा लावला आणि फोनवर खरं तापमान बघायला लागलो. ट्रॅफिकमध्ये ९७ अंशांच्या आसपास पंखे सुरू होतात. १०५ला फोनने ओरडावं असं लावून ठेवलंय. नंतर ऑइल प्रेशरसाठी खरा सेन्सर आणि छोटा गेज बसवला. दिसायला फारसं काही नाही, पण नवशिक्याने या गाडीवर केलेलं सगळ्यात उपयोगी मॉडिफिकेशन म्हणून मी याच दोघांचं नाव घेईन.

चालवण्याच्या सवयींनाही थोडं वळण द्यावं लागतं. थंड गाडी चालू करून दहा फूट पुढे घेतली आणि बंद केली, की पेट्रोल आत साचतं आणि पुन्हा चालू होत नाही. बर्फ काढणारा ट्रक आला की इथे सगळे गाड्या हलवतात. मी एकतर हलवत नाही किंवा हलवली तर तापेपर्यंत चालू ठेवतो. साचलंच तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा, त्याने पेट्रोल बंद होतं आणि आतलं बाहेर फेकलं जातं. आणि इंजिन तापल्यावर रोज एकदा तरी नऊ हजारांपर्यंत न्यायचं, म्हणजे आतली काजळी निघते. डॉक्टरने सांगितलेलं पथ्य इतकं गोड क्वचितच असतं.

सस्पेंशनला मी हात लावलेला नाही. गाडीचं वजन पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं आहे आणि कंपनीने ते छान बसवलंय. २२५/४५ आर१८चे चांगले टायर, ताजं ब्रेक ऑइल आणि जरा बरे ब्रेक पॅड, एवढ्यावर रूट २०२चं वळण हसत निघतं. ओळखीतला एक मुलगा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाक म्हणून मागे लागला होता. रस्त्यावरच्या गाडीत ते बेकायदा आहे, शिवाय दर दोन वर्षांनी राज्याचं इन्स्पेक्शन असतं, ओबीडीला यंत्र जोडून. बॅटरी काढली असेल तर गाडीच्या आतल्या चाचण्या पूर्ण व्हायला थोडं चालवून जावं लागतं, नाहीतर तिथून परत पाठवतात. मी आदल्या आठवड्यात बॅटरीला हात लावला नाही, आणि गाडी पास झाली.

यादीत पुढे अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्या) होते, पण ते थांबलेत. क्लच दाबताना हल्ली करकर येते. या मॉडेलमध्ये क्लच पेडलच्या ब्रॅकेटचं वेल्डिंग सुटतं ही जुनी तक्रार आहे, आणि डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन आडवं पडल्यावर बारीक भेग दिसली. नवा ब्रॅकेट मागवलाय. येत्या शनिवारी सीट मागे सरकवून तो बसवायचा, बार नंतर बघू.